तेवीस किल्ले आणि एक बग

परवा आमच्या हापिसात एक मेल फिरली. कंपनी सीएसआरमधून खेड्यातल्या शाळांना टॅब देणार, त्यात म्हणे 'खेळातून शिक्षण'वालं ॲप. बरं वाटलं, म्हणून डेमो उघडला. एक प्रश्न, खाली चार पर्याय. उत्तर बरोबर आलं की चांदण्या उडतात, चुकलं की अस्वल रडतं. म्हणजे गाइडातलं 'योग्य पर्याय निवडा'च की राव, फक्त रंगवलेलं!

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना गेम खेळायला कशाला देता, बनवायला द्या. आणि तेही कोडिंग शिकवायला म्हणून नव्हे, इतिहास-गणित शिकायला म्हणून.

हे मी हवेत बोलत नाहीये. सातारा रस्त्यावर भोरचा फाटा जिथे फुटतो ते कापूरहोळ. आपली पब्लिक बालाजीला किंवा रायरेश्वरला जाताना तिथे मिसळ खायला थांबते, आणि पुढे सुटते. संभाजीराजांची दूधआई धाराऊ याच गावची, हे मलाही तिकडे नेमानं जायला लागल्यावरच कळलं. गेल्या पावसाळ्यात मी आणि एक मित्र दर शनिवारी त्या भागातल्या एका शाळेत जात होतो. सामान काय, तर चार जुने लॅपटॉप आणि त्यावर स्क्रॅच. नेट नव्हतं, पण एकदा इन्स्टॉल केलं की ते लागतही नाही.

सातवीतल्या चार पोरांनी पुरंदरचा तह घेतला. ११ जून १६६५, तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले, सगळं तोंडपाठ. पहिला गेम अर्ध्या तासात तयार. 'किती किल्ले दिले?' २३ दाबलं की टाळ्या! बिचाऱ्यांनी आजवर जे पाहिलं तेच बनवलं. मी म्हटलं, "यात खेळणाऱ्यानं ठरवायचं काय? त्यालाच महाराज करा की. कुठले द्यायचे ते तो ठरवेल."

इथे पंचाईत झाली. तो नीट खेळला की नाही, हे कॉम्प्युटरला कळणार कसं? त्याला नियम सांगावा लागतो, आणि नियम काही पुस्तकात छापलेला नसतो. पोरांनी ओळखीचे आठ किल्ले निवडले आणि डोकं लढवून नियम केला: राजगड राजधानी, तेव्हा त्याच्या जवळचे चार ठेवायचे. नकाशावर पट्टी लावून अंतरं मोजली, प्रत्येक किल्ल्याला एक व्हेरिएबल. रन केलं. प्रोग्रॅमनं राजगड ठेवला, तोरणा ठेवला आणि कोंढाणाही ठेवला!

"दादा, बग आहे," एक मुलगी म्हणाली. "कोंढाणा तर दिलेला."

आम्ही अर्धा तास कोड तपासत बसलो. कोड बरोबर होता. नियम चुकला होता. मग इतका जवळचा कोंढाणा महाराजांनी दिला कशाला? हा प्रश्न घेऊन ती इतिहासाच्या बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "अगं, तह काय एकट्यानं करायचा असतो? समोर मिर्झाराजे होते, आणि तिकडे पुरंदरला दिलेरखानाचा वेढा."

पुढच्या शनिवारी गेममध्ये दुसरा खेळाडू आला. तो किल्ले मागतो, आणि त्याच्याकडे फौज जास्त आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी पोरांनी 'तुम्ही हरलात' ही पाटीच काढून टाकली. का? तर १६७० मध्ये कोंढाणा परत घेता येतो, मग गेम १६६५ मध्ये संपवायचा कसा?

आता सांगा, तेवीस हा आकडा पाठ असताना या मुलीला तह कळला होता का?

यात नवीन काहीच नाही, हेच तर दुखणं आहे. मुलांसाठी लोगो ही भाषा आली १९६७ मध्ये. यास्मिन काफाई यांनी अमेरिकेतल्या चौथीच्या मुलांना त्याच लोगोत गेम बनवायला दिले. विषय अपूर्णांक, आणि गेम खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवण्यासाठी. त्यावरचं त्यांचं 'माइंड्स इन प्ले' हे पुस्तक १९९५ साली आलं, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. आपल्याकडेही २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत ते गाजलेले 'शंभर डॉलरचे' लॅपटॉप पोचले होते. प्रोग्रॅम रचायची साधनं त्यांत होती. पण जगभर चर्चा रंगली ती लॅपटॉपच्या किमतीची. आजही आपण तेच विचारतो: टॅब किती वाटले? त्यावर पोरांनी काय बनवलं, हे कोण विचारतं?

मित्र म्हणतो, "एका तहावर पाच शनिवार? पोर्शन कोण संपवणार?" मुद्दा खरा आहे. बाईंचीही हीच अडचण होती, आणि परीक्षेत या सगळ्याचा मिळणार एक मार्क. प्रत्येक धड्याचा गेम करा असं मी म्हणतच नाही. वर्षातून एका विषयातला एक धडा घ्या. त्या एकाच धड्यात पोराला कळतं की पाठ असणं वेगळं आणि समजणं वेगळं. एवढं कळायला मला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पहिला प्रॉडक्शन बग लागला.

भीती वेगळीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आलंय. आपल्या पद्धतीप्रमाणे त्याचाही विषय होईल, त्याचंही गाइड निघेल, आणि 'व्हेरिएबल म्हणजे काय?' याची व्याख्या दोन मार्कांना येईल. त्या मुलीला ती व्याख्या येत नाही. कोंढाण्यासाठी व्हेरिएबल का लागलं, ते मात्र ती सांगेल.

असो. सीएसआरवाल्यांना मेलचं उत्तर पाठवलंय: टॅब द्या, पण ते ॲप काढून द्या. अजून रिप्लाय नाही. तुमच्या हापिसातही अशी मेल फिरत असेलच. फॉरवर्ड करण्याआधी डेमो उघडा, आणि पोरांनी ठरवावं असं त्यात काय आहे, तेवढं बघा.