टायर घ्यावा चिखल पाहून



मृगात राब पेरून झाला, आर्द्रा सरल्या, पुनर्वसूचा पाऊस बांधावरून वाहू लागला, की भिवंडी तालुक्यातल्या भातखाचरांत चिखलणीची एकच घाई उडते. बांधावर दहा-बारा बाया रोपांच्या जुड्या घेऊन उभ्या असतात, आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर खाचराच्या मध्यावर रुततो. मागची चाके जागच्या जागी फिरतात, चिखल अंगावर उडतो, डिझेल जळते, आणि बायांची मजुरी मात्र घड्याळाप्रमाणे चढत जाते. संध्याकाळी घरधनी वैतागून म्हणतो, "हे टायरच बेकार. उद्या भिवंडीत जाऊन चांगले मोठे, चिखलाचे टायर टाकतो."

तुमच्या घरात हे वाक्य बोलले गेले असेल, तर तो उद्याचा दिवस थोडा पुढे ढकला. मागच्या दोन टायरांचा खर्च म्हणजे लहान शेतकऱ्याच्या घरात एखाद्या हंगामाची कमाई. तो खर्च रागाच्या भरात करू नये. मोठा टायर म्हणजे चांगला टायर असे नसते. आपला चिखल कसा, आणि वर्षातले किती तास आपण त्या चिखलात असतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत टायर दडलेला असतो.

आधी चिखलाचे बघू. आपल्या एकाच तालुक्यात चिखलाच्या दोन जाती आहेत. पडघा-अंबाडीच्या बाजूला मातीचा थर बेताचा, खाली मुरूम किंवा खडक. तिथे वरचा चिखल मऊ असला तरी चाक खाली गेले की टणक तळाला लागते. खारबाव, काल्हेर, कशेळीकडे खाडीलगतच्या जमिनी वेगळ्या. तिकडची बरीच शेते आज गोदामांखाली गेली आहेत, पण जी उरली आहेत त्यांत माती चिकट आणि खोल. तिथे चाक तळ शोधत खालीच जात राहते.

आपल्या खाचराचा तळ किती खोल आहे हे कळायला यंत्र लागत नाही. चिखलणीच्या दिवशी एक सरळ काठी घ्या आणि पाच-सहा ठिकाणी दाबून बघा. वीतभर खाली गेल्यावर काठी टणक लागून थांबली, तर तुमचे काम टायरवर होऊ शकते. काठी गुडघ्याइतकी आत गेली आणि तरीही थांबेना, तर तिथे कोणताही टायर फार उपयोगाचा नाही. तिथे लोखंडी पिंजऱ्याची चाकेच हवीत. आपण त्यांना केजव्हील म्हणतो.

आता टायरच्या दातांकडे वळू. मागच्या टायरच्या बाजूवर आर-१ किंवा आर-२ अशी खूण असते. आर-१ हा सर्वसाधारण शेतीचा टायर. नांगरट, पेरणी, ट्रॉली अशा सगळ्या कामांना तो चालतो. आर-२ खास भाताच्या आणि उसाच्या ओल्या जमिनीसाठी. त्याचे दात आर-१ च्या जवळजवळ दुप्पट उंच असतात, आणि दोन दातांमधली जागाही मोकळी असते. उंच दात वरचा पातळ चिखल चिरून खालच्या टणक थराला पकडतात. मोकळ्या जागेतून, चाक फिरताना, अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो. हे फेकणे फार महत्त्वाचे. दातांमध्ये चिखल गच्च बसला, की टायर पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखा गुळगुळीत होतो, आणि मग नवा काय नि झिजलेला काय, दोन्ही सारखेच. या दोहोंच्या मधला आर-१डब्ल्यू नावाचाही एक प्रकार आहे. त्याचे दात आर-१ पेक्षा थोडे उंच.

"मग आर-२ च घेऊ की!" असे तुम्ही म्हणाल. थांबा. तेच उंच दात डांबरी रस्त्यावर आपले वैरी होतात. कडक रस्त्यावर ते वाकतात, घासतात, तापतात आणि लवकर झिजतात. ट्रॅक्टर धडधडतो तो वेगळाच. आपल्याकडचा ट्रॅक्टर चिखलणीपुरता महिनाभर शेतात, आणि उरलेले दिवस विटा, खडी, पेंढा भरून रस्त्यावर. मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेने ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आर-२ घालणे म्हणजे लावणीचे कपडे घालून लग्नाला जाणे.

म्हणून घरी बसून हिशेब करा. समजा, वर्षाला ट्रॅक्टर ३०० तास चालतो. त्यातले ४० तास चिखलात आणि २६० तास कोरड्या शेतात व रस्त्यावर. अशा घराने आर-१ टायर घ्यावेत आणि चिखलणीपुरती केजव्हील जोडावीत. याउलट, तुम्ही पाच गावांची चिखलणी भाड्याने करता, ट्रॉली क्वचितच जोडता, आणि जमिनीचा तळ काठीला लागतो, तर आर-२ चे पैसे वसूल होतील. हा हिशेब घरातल्या बाईला विचारून करा. ट्रॅक्टर किती दिवस घराबाहेर होता आणि किती दिवस अंगणात उभा होता, हे तिला तुमच्यापेक्षा बरोबर आठवते.

केजव्हील दोन तऱ्हेची असतात. एक, टायर काढून त्या जागी बसवायची. दुसरी, टायर तसाच ठेवून बाहेरून जोडायची अर्धी. आपल्या लहान खाचरांना आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्याच्या धावपळीला अर्धी सोयीची. तिचा घेर टायरपेक्षा किंचित कमी असावा, म्हणजे कठीण जमिनीवर भार टायरवर राहतो आणि चिखलात पिंजरा आधार देतो. केजव्हील लावून डांबरी रस्त्यावर मात्र जाऊ नये. रस्ता खरवडला जातो, आणि धक्के चाकाच्या आसाला बसतात. गंमत बघा, ट्रॅक्टरची मूळ चाके लोखंडीच होती. १९३२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने हवेच्या टायरचा ट्रॅक्टर विकायला काढला, तेव्हा शेतकरी हसले होते. आपल्याकडेही लाकडी चाकावर लोखंडी धाव असलेली बैलगाडी जाऊन रबरी चाकांची गाडी आली, आणि कितीतरी गावांत तिचे नावच 'डनलॉप' पडले. रबराने रस्ता जिंकला, पण खोल चिखलात अजूनही लोखंडच मोठे.

आता मापाचे बोलू. टायरवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास इंचांत. ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला १३.६-२८ किंवा १४.९-२८ ही मापे नेहमीची. दुकानदार म्हणतो, "दादा, एक माप मोठा टाका, दिसतोही रुबाबदार." रुंद टायर मऊ जमिनीवर भार पसरवतो हे खरे. पण ज्या खाचराचा तळ वीतभर खाली आहे, तिथे टायर तळापर्यंत जाऊन तो पकडायला हवा. रुंद टायर चिखलावर तरंगत घसरत राहतो. शिवाय रिमची रुंदी जुळावी लागते, मडगार्डला जागा लागते, आणि अरुंद बांध मोडतात ते वेगळेच.

तुमचा ट्रॅक्टर चारही चाकांना जोर देणारा, म्हणजे फोर-व्हील असेल, तर अधिक सांभाळा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगाचे गणित गिअरमध्ये पक्के बसवलेले असते. मागचा टायर मोठा केला आणि पुढचा तसाच ठेवला, की दोन्ही चाके एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणात पुढच्या आसाचे दाते जातात. फोर-व्हीलला कंपनीच्या पुस्तकात दिलेली जोडीच घालावी.

हाच नियम जीपला. १९४७ मध्ये महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून आपल्या मुलखाला जीपचे प्रेम आहे. आता तरुण मुले तिला फुगलेले, मोठ्या दातांचे टायर लावतात. फार्महाऊसच्या वाटेवर ते शोभतातही. पण मोठ्या टायरने ब्रेक उशिरा लागतो, वेग दाखवणारा काटा कमी वेग दाखवतो, आणि ओल्या डांबरावर मोठ्या दातांची पकड कमी असते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल करता येत नाहीत. मुलाला रागावू नका, पण कंपनीने मान्य केलेल्या मापातच चिखलाची नक्षी असलेला टायर मिळतो का ते बघायला सांगा.

आता टायर विकत घेताना चार गोष्टी बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२४ असे असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. फार जुना, दुकानात वाळलेला माल घेऊ नका. दोन्ही बाजूंचे टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या. पक्के बिल घ्या, आणि टायरचा नंबर त्यावर लिहून घ्या. बसवताना बाजूवरचा बाण बघा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिल्यावर दात घराच्या छपरासारखे, टोक वर करून दिसले पाहिजेत. उलटे बसले तर चिखल बाहेर फेकण्याऐवजी आत ओढला जातो.

खरे तर बऱ्याच घरांना नवा टायर लागतच नाही. हवा नीट ठेवली तरी निम्मे दुखणे जाते. शेतात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पौंड, आणि भरलेली ट्रॉली ओढताना कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे जास्त. रस्त्याची टणक हवा घेऊन चिखलात उतरलात, तर टायर पसरत नाही आणि रुततो. नांगरटीसाठी टायरमध्ये पाणी भरले असेल, तर खोल चिखलात जाण्याआधी ते काढा. तिथे वजन उपयोगाचे नसते, बुडवते.

टायर खरोखर झिजला का हे कोरड्या नांगरटीत तपासा. चाकावर खडूची खूण करा. औजार उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती मीटर जातो ते मोजा. मग नांगर लावून तितक्याच फेऱ्या मोजा. पहिल्यांदा ४० मीटर आणि नंतर ३४ मीटर भरले, तर घसरण १५ टक्के. ८ ते १५ टक्के चालायचीच. ४० चे २८ झाले, म्हणजे ३० टक्के, तर डिझेल आणि रबर दोन्ही वाया जात आहेत. मग मात्र टायरचा विचार करा.

शेवटी एक गोष्ट, आणि ती टायरच्या पैशांपेक्षा मोठी आहे. ट्रॅक्टर रुतला की काही जण मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीने बांधतात. असे कधीही करू नका. ओंडक्याने चाक अडले, की इंजिनाचा जोर चाकाला फिरवत नाही, ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरवतो. पुढचा भाग वर उठतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकावर उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. रुतला तर रोटाव्हेटर बंद करून उचला, स्टिअरिंग सरळ ठेवून डिफरेन्शियल लॉक लावा, आणि आल्या वाटेने सावकाश मागे घ्या. नाही निघाला तर थांबा. दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब साखळीने ओढून घ्या, साखळी खालच्या ओढकांबीलाच बांधा, आणि बायामुलांना दूर उभे करा. लावणी एक दिवस उशिरा झाली तरी भात पिकते.

तेव्हा मंडळी, यंदा टायर बदलायचा असेल तर आधी काठी घेऊन खाचरात जा, मग ओसरीवर बसून तासांचा हिशेब लिहा, आणि त्यानंतर बाजारात जा. दुकानदार काय म्हणतो ते ऐका, पण आपला कागद खिशात ठेवा.