संगणकातील वहीची राखण

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परभणी जिल्ह्यातील व्यापारी मात्र त्यास सोयाबीन, कापूस आणि तुरीची बाजारपेठ म्हणूनही ओळखतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आडत दुकानांपुढे ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग लागते. मापाडी माल तोलतो, हमाल थप्पी लावतो आणि मुनीम काटापट्टीवरून हिशोबपट्टी तयार करतो. शेतकरी आपली उचल वजा करून उरलेली रक्कम घेतो व सायंकाळच्या आत गावी परततो. पूर्वी हा सारा व्यवहार रोजकीर्दीत आणि खतावणीत उतरत असे; आता तो संगणकात उतरतो.

अशा गर्दीच्या एखाद्या सकाळी तो संगणक सुरूच झाला नाही, तर काय होईल? कोणाचा माल किती क्विंटल आला, कोणत्या भावाने गेला, कोणाकडे किती उचल आहे, खरेदीदाराकडून किती येणे आहे, हे सारे त्या पेटीत अडकलेले असते. बॅकअप घेतलेला असतो, परंतु त्याचा पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला लावलेला असतो. पासवर्ड एकट्या मुनिमाला ठाऊक असतो आणि मुनीम लग्नाला गेलेला असतो. दारात मात्र शेतकरी उभा असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या पेढीच्या शब्दावर माल टाकून जाणाऱ्या त्या माणसाला ‘हिशोब सापडत नाही’ असे सांगण्याची पाळी येते. नुकसान पैशाचे होते तसे पतीचेही होते, आणि पत विकत मिळत नाही.

व्यवसायातील माहिती-तंत्रज्ञानाचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव ज्या शास्त्राला आहे, त्याचा गाभा या एका प्रसंगात सामावलेला आहे. संगणक विकत घेणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे. माहिती कोणी लिहावी, कोणी पाहावी, कोणी बदलावी, तिची प्रत कोठे असावी आणि एखादे यंत्र वा माणूस नसताना काम कसे चालावे, हे आधी ठरवून ठेवणे म्हणजे व्यवस्थापन.

जुन्या पेढीत हे सारे ठरलेले होते. वही शिवलेली असे, त्यामुळे मधले पान गुपचूप काढता येत नसे. चुकलेली रक्कम खरवडून तिच्यावर नवी लिहिणे अप्रशस्त मानले जाई. चूक सुधारण्यासाठी वेगळी जमा-नावे नोंद होत असे. तेरीज जुळल्याशिवाय महिना पुरा झाला असे कोणी म्हणत नसे. वही पेटीत जाई आणि पेटीची किल्ली कर्त्या माणसाच्या कमरेला असे. व्यवहार संगणकावर गेला तेव्हा वहीतील आकडे तेवढे तिकडे गेले. वहीभोवतीची ही शिस्त अनेक दुकानांत मागेच राहिली.

बदल पचवणे या भागातील व्यापाऱ्याला नवे नाही. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा बाजारात निजामाचा हाली सिक्का चालत असे आणि सीमेपलीकडे कलदार रुपया. सुमारे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशोब तोंडी बसलेला असे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढील दशकात हाली सिक्का व्यवहारातून गेला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले; पाठोपाठ शेर-मणाची जागा किलो-क्विंटलने घेतली. २००५ मध्ये राज्यात व्हॅट आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. प्रत्येक वेळी येणे-देणे जुन्या मापातून नव्या मापात न्यावे लागले. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात खाती नेणे हे त्याच जातीचे काम आहे. जुन्या वहीची शेवटची बाकी आणि नव्या वहीची पहिली बाकी नावागणिक जुळली पाहिजे आणि ती जुळेपर्यंत जुनी वही मिटू नये.

आज असंख्य दुकानांत दिसणारे टॅली हे सॉफ्टवेअरही एका व्यापारी घराच्या गरजेतूनच जन्मले. गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशोबाला साजेसे सॉफ्टवेअर मिळेना. म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भारत गोयंका यांना ते तयार करावयास सांगितले आणि १९८६ मध्ये या उद्योगाचा आरंभ झाला. गरज आधी नेमकी सांगता आली, म्हणून साधन उपयोगी ठरले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुष्कळदा नेमके उलटे घडते: विक्रेता दाखवील ते घेतले जाते आणि दुकान त्याप्रमाणे वाकवले जाते. शिवाय सॉफ्टवेअरची खरी किंमत बिलावरील रकमेपुरती नसते. वार्षिक नूतनीकरण, दुरुस्ती, मुनिमाचे शिक्षण आणि पुढे ते सोडावयाचे झाल्यास आपली खाती बाहेर काढण्याचा खर्च, हे सर्व तिच्यात धरावे लागते.

माहितीच्या सुरक्षिततेचे शास्त्र तीन गुणांवर उभे आहे: गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. ज्याला पाहण्याचा अधिकार नाही त्याला ती दिसू नये, अधिकाराशिवाय ती कोणाला बदलता येऊ नये, आणि हवी तेव्हा ती हाती यावी. यांतील तिसऱ्या गुणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्राच्याच एका बंदराने पाहिले आहे.

२७ जून २०१७ रोजी, जीएसटी लागू होण्यास चार दिवस असताना, नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची ये-जा खोळंबली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवले जात होते. ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने त्या दिवशी कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले होते. त्याचा उगम युक्रेनमध्ये झाला, आणि तोही तेथील व्यापारी कर भरण्यासाठी वापरत असलेल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून. त्याच्या नित्याच्या अद्ययावतीकरणातून हा प्रोग्राम पसरला.

कंपनीचे सारे संगणक ज्यांच्या आधारे एकमेकांना ओळखत, असे सुमारे १५० मुख्य सर्व्हर निरनिराळ्या देशांत होते. प्रत्येकात तीच माहिती होती आणि ती आपोआप एकमेकांशी जुळत असे. एक बिघडला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, अशी योजना होती. परंतु सारे एकाच जाळ्यात असल्यामुळे सारे एकदमच पुसले गेले. शोधाअंती आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर तेवढा शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर राहिला होता. त्यातील माहिती माणसाच्या हाती देऊन विमानाने नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचवण्यात आली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. एवढी बलाढ्य कंपनी वाचली ती वीज जाण्याच्या योगायोगाने.

विजेचा लपंडाव रोजचाच असलेल्या गावातील दुकानदाराला ही हकीकत मोलाची आहे. आपोआप जुळणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चूक आणि नाशही तिच्यात आपोआप उतरतात. मोबाइलवर दिसणारी खाती, सतत जोडलेला पेन ड्राइव्ह, दुकानातीलच दुसरा संगणक, यांपैकी कशावरही पेढीने पूर्ण विसंबू नये. मान्य नियम साधा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. शिवाय किमान एक प्रत घेतल्यावर तोडून ठेवलेली असावी. गंगाखेडसारख्या नदीकाठच्या गावी ती त्याच गल्लीत ठेवण्यात अर्थ नाही. परभणी वा लातूर येथील विश्वासू नातलगाकडे, पासवर्डने बंद करून ठेवावी.

बॅकअप किती वेळा घ्यावा, याचे उत्तर दोन प्रश्नांत आहे. किती वेळचे लेखन पुन्हा लिहिणे परवडेल? आणि किती वेळ दुकान हिशोबावाचून चालेल? मे महिन्यात आठवड्याचे लेखन पुन्हा करता येईल. सोयाबीनच्या हंगामात एका दिवसाचेही जड जाईल. म्हणून हंगामात रोज रात्री प्रत घ्यावी आणि काटापट्टीच्या कागदी प्रती क्रमवार लावून ठेवाव्यात. यंत्र रुसले तरी त्यांवरून दिवस पुन्हा उभा करता येतो.

अधिकारांची वाटणीही तितकीच आवश्यक आहे. मालक, मुलगा आणि मुनीम यांनी एकच पासवर्ड वापरला, तर नोंद कोणी बदलली हे कधीच कळत नाही. संशय मात्र सर्वांवर येतो. प्रामाणिक मुनिमाचे रक्षण स्वतंत्र पासवर्डनेच होते. बिल करणारा आणि बँकेतून रक्कम पाठवणारा एकच नसावा. मालकाचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत असावा, म्हणजे अडीअडचणीत कुटुंबातील जबाबदार व्यक्तीला तो मिळेल. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद राखणारे हिशोबाचे सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. घरगुती पेढीला ते बंधन नसले, तरी ही सोय सुरू ठेवणे म्हणजे न खोडण्याची जुनी शिस्तच पाळणे होय. जीएसटी कायद्यानुसार तर हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. आणि ओटीपी सांगून वा फसव्या दुव्याला भुलून रक्कम गेलीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

दिवाळीत अनेक दुकानांत वहीशेजारी आता संगणकही पूजेला मांडला जातो. पूजेनंतरच्या एखाद्या निवांत दिवशी एक प्रयोग मात्र अवश्य करावा. दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत आणवावी, ती वेगळ्या संगणकावर उघडावी आणि कोणत्याही पाच शेतकऱ्यांच्या बाक्या तिच्यावरून काढून पाहाव्यात. त्या निघाल्या, तर पेढीची वही सुखरूप आहे. न निघाल्यास, हे दारात शेतकरी उभा नसताना कळले, हा फायदाच समजावा आणि त्याच दिवशी दुरुस्तीस लागावे.