नांदी एकदाच!

एकच काम दोघांनी मनापासून केलं की ते बिघडतं, हे सत्य शिकायला एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला विद्यापीठात जावं लागत नाही. जिन्यातला दिवा घ्या. तोच, ज्याचं एक बटण खाली आणि एक वर असतं. तिन्हीसांजेला जिन्यात काळोख झाला. खालून काकांनी पाहिलं, काळोख आहे. वरून काकूंनी पाहिलं, काळोख आहे. दोघांनी एकाच क्षणी, अत्यंत कर्तव्यबुद्धीने, आपापलं बटण दाबलं. दिवा काही लागला नाही. काकांचं चुकलं का? नाही. काकूंचं चुकलं का? तसं म्हणायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. दोघंही बरोबर, तरी काळोख कायम. आणि पायरी चुकून पडला तो भलताच तिसरा.

संगणकाच्या धंद्यात या प्रकाराला रेस कंडिशन म्हणतात. शर्यत. माझं भांडण या शर्यतीशी नाही, ती निसर्गाचीच आहे. माझं भांडण आहे ते शर्यत दिसत असूनही ‘चालतंय की!’ म्हणणाऱ्या मंडळींशी. हे दोन शब्द साताऱ्यापासून सांगलीपर्यंत इतके चालतात, की हमरस्त्यावर त्यांचा वेगळा टोल घेतला तर रस्ता दरवर्षी नवा करता येईल.

आता थोडं तांत्रिक बोलतो. वाचकांनी घाबरू नये, डाळ-तांदळापलीकडे जाणार नाही. सी नावाची संगणकाची भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. पन्नास वर्षं उलटली तरी जगाचा गाडा बराचसा तिच्यावरच चालतो. भाषा जुन्या वाड्यातल्या आजीसारखी. काटकसरी, चपळ आणि विचाराल तेवढंच सांगणारी. या आजीच्या फडताळात काही डबे सगळ्यांच्या समाईक वापराचे असतात. डब्यात पहिल्यापासून काय ठेवायचं ते आधीच ठाऊक असेल, तर आजी घर उघडायच्या आतच ते भरून ठेवते. काही सांगितलंच नसेल तर शून्य ठेवते. पण डब्यातला माल बाजारातून, म्हणजे एखाद्या फायलीतून आणायचा असेल, तर आजी म्हणते, ‘ते तुमचं तुम्ही बघा.’

मग आमचे प्रोग्रॅमर बघतात. ते एक ओळ लिहितात: डबा रिकामा आहे का? असेल तर भर. काय सोज्ज्वळ ओळ! घरात माणूस एकच असेल तर तिच्यात खोट काढून दाखवा. पण हल्लीच्या प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालतात. त्यातल्या प्रत्येकाला थ्रेड म्हणतात. दोन थ्रेड एकाच क्षणी डब्यात डोकावले की दोघांनाही तो रिकामा दिसतो आणि दोघंही पिशवी घेऊन बाजारात पळतात. जिन्यातला दिवा पुन्हा विझला!

‘विझला तर विझला, फार तर माल दोनदा भरला जाईल,’ असं कुणी म्हणेल. तर ऐका. सांगलीतल्या एका पतसंस्थेत (नाव घेत नाही, संस्था सज्जन आहे) दोन काउंटर होते आणि मागे सीमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम. सकाळी पहिली पावती फाडताना प्रोग्रॅम शेवटचा पावती क्रमांक फायलीतून वाचून समाईक डब्यात ठेवायचा. एका बाजाराच्या दिवशी दोन्ही काउंटर एकदमच सुरू झाले. दोघांनाही डबा रिकामा दिसला. पहिल्याने ४२१७ वाचला, डब्यात ठेवला आणि ४२१८ ची पावती दिली. ती फायलीत नोंदायच्या आत दुसऱ्यानेही ४२१७ वाचला, पहिल्याच्या डोक्यावरून डब्यात पुन्हा भरला आणि त्यानेही ४२१८ चीच पावती दिली. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या, रकमा वेगळ्या.

संशय कुणावर यावा? प्रोग्रॅमवर? छे! प्रोग्रॅम म्हणजे संगणक आणि संगणक म्हणजे साक्षात देव. संशय आला दुसऱ्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंवर. अकरा वर्षं एक रुपया इकडचा तिकडे न केलेल्या त्या बाईंना दोन महिने खुलासे लिहावे लागले. मी तो प्रोग्रॅम पाहायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘साहेब, माझं काय चुकलं ते तरी सांगा.’ काही चुकलेलं नव्हतं हो! चुकली होती ती वरची सोज्ज्वळ ओळ.

साताऱ्यात आमचा एक भाचा याच धंद्यात आहे. त्याला ही हकिकत सांगितली तर म्हणाला, ‘मामा, दहा वर्षांत एकदाच झालं ना? मग चालतंय की!’

या ‘एकदाच’ला मी उत्तर देतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं, की ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षात धोक्याची घंटा वाजवणारा प्रोग्रॅमच मुका झाला होता आणि समोर बसलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या पोटात अशीच एक शर्यत निघाली. तो प्रोग्रॅम त्याआधी लाखो तास बिनबोभाट चालला होता. त्याच्याही आधी, १९८५ ते १९८७ या काळात, थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना भलताच मोठा डोस दिला आणि त्यातले काही दगावले. तिथेही जी कारणं निघाली त्यांत एक शर्यतच होती. चालवणाऱ्याचा हात सरावाने भरभर चालू लागला की ती उपटायची. म्हणजे माणूस कामात हुशार झाला हाच गुन्हा! तेव्हा ‘इतकी वर्षं चाललंय’ हा पुरावा नव्हे. दोघं एका क्षणी जिन्यात आले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

भाचा तसा हुशार. म्हणाला, ‘मग कुलूप घालतो.’ उत्तम! एकाने आत जायचं, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. पण लगेच पुढे, ‘मात्र दर वेळी कुलूप काढत बसणं परवडत नाही. म्हणून आधी बाहेरूनच डबा बघतो. भरलेला दिसला तर कुलपाच्या वाटेला जातच नाही. रिकामा दिसला तरच कुलूप काढून आत जातो आणि पुन्हा एकदा बघतो.’ ही युक्ती त्याची नव्हे. १९९० च्या दशकात ती मोठमोठ्या लोकांनी डोक्यावर घेतली होती. २००४ साली स्कॉट मायर्स आणि आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांनी भलामोठा लेख लिहून तिच्यातली भोकं दाखवली. तरी ती अजून साताऱ्यात जिवंत आहे.

भोक कुठे आहे ते सांगतो. साताऱ्याहून सांगलीला कंदी पेढे पाठवायचे आहेत. कामं दोन. डबा एसटीच्या पार्सलात द्यायचा आणि ‘डबा आलाय, घेऊन जा’ असं कार्ड पेटीत टाकायचं. पाठवणाऱ्याला पोस्टाची पेटी वाटेत लागली, म्हणून त्याने कार्ड आधी टाकलं आणि स्टँडवर मागाहून गेला. त्याच्या लेखी बिघडलं काय? संध्याकाळी दोन्ही कामं उरकलेली. पण सांगलीत कार्ड आधी पोचलं. पाहुणे पिशवी घेऊन स्टँडवर हजर, आणि पेढे अजून कराडच्या अलीकडेच!

संगणकातले कंपायलर आणि प्रोसेसर नेमके या स्वभावाचे असतात. एकट्याच्या हिशेबात फरक पडत नसेल तर कामांचा क्रम सोयीने बदलायची त्यांना मुभा आहे. त्यामुळे ‘डबा भरला’ ही खूण आधी दिसते आणि माल मागून येतो. बाहेरून डोकावणाऱ्याला खूण दिसते, तो कुलपाकडे फिरकतही नाही आणि अर्धवट डब्यात हात घालतो. यावर काहीजण व्होलाटाइल हा शब्द अंगाऱ्यासारखा लावतात. तो शब्द उपकरणांशी बोलताना वगैरे कामाचा आहे, पण थ्रेडथ्रेडमधल्या क्रमाची हमी तो सीमध्ये देत नाही. अंगाऱ्याने मनाला बरं वाटतं, ताप उतरत नाही.

ही युक्ती नीट करताच येत नाही असं नाही. २०११ च्या सीमध्ये त्यासाठी ॲटॉमिक नावाची सोय आली. पण तिथे दोघांनी शब्द पाळावा लागतो. पाठवणाऱ्याने डबा दिल्याशिवाय कार्ड टाकायचं नाही आणि घेणाऱ्याने कार्ड वाचल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. एकाने पाळून भागत नाही. आणि हे सगळं स्वतः लिहायची हौस कशाला? आयतं मिळतंय ना!

खरं तर याचं उत्तर सांगलीने १८४३ सालीच देऊन ठेवलं आहे. विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने तिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. आधी सूत्रधार, आधी मंगलाचरण, मग बाकीची सोंगं. राम आणि रावण दोघंही एकदम रंगमंचावर आले आणि ‘नांदी झाली का हो?’ म्हणून ज्याने त्याने आपापली सुरू केली, असं कधी झालं नाही. सूत्र म्हणजे धागा आणि धागा म्हणजेच थ्रेड. सूत्रधार शब्दात सगळी विद्या आली! तर पहिला नियम हा: बाकीचे थ्रेड जन्माला यायच्या आत मुख्य प्रोग्रॅमने समाईक डबे भरून ठेवावेत. शर्यतीला दुसरा गडीच नाही, मग शर्यत कसली?

भाचा म्हणाला, ‘पण मामा, मी लायब्ररी लिहितो. थिएटर दुसऱ्याचं. पडदा कधी उघडेल ते माझ्या हातात नाही.’ हे मात्र रास्त आहे. त्याच्यासाठी दुसरा नियम: १९९५ च्या पॉझिक्स थ्रेडमध्ये पीथ्रेड वन्स आहे, २०११ च्या सीमध्ये कॉल वन्स आहे. पहिला येईल तो काम करील, बाकीचे ते पुरं होईपर्यंत थांबतील, आणि पुढे कुणीही आलं तरी काम पुन्हा होणार नाही. पहिल्या खेपेनंतरचा खर्च बहुधा एक नजर टाकण्याइतकाच. पथ्यं दोन. नांदीतच पुन्हा नांदी लावू नये, माणूस स्वतःचीच वाट बघत जन्मभर उभा राहील. आणि काम फसलं तर वन्स ते सांगत नाही. त्याच्या दृष्टीने ‘झालं म्हणजे झालं’. तेव्हा जमलं की फसलं ते वेगळं लिहून ठेवावं आणि प्रत्येकाने ते वाचावं.

एवढं करायला ओळी किती लागतात? चार. त्या चार ओळी ज्याला जड वाटतात, त्याने पतसंस्थेत जाऊन एकदा त्या बाईंच्या खुर्चीवर बसावं. समोर दोन पावत्या ठेवाव्यात, कोरा कागद घ्यावा आणि आपण न केलेल्या गोष्टीचा खुलासा मुद्देसूद लिहावा. आणि तो लिहून झाला की साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणावं, चालतंय की!