शेजाऱ्याच्या घागरीत

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच दारात आला. सीना नदीच्या काठाने आणि मराठवाड्यात पुराने उभी पिकं नेली. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे. आम्हाला वर्षभर सलत राहिली ती जलपर्णी काढण्याची निविदा.

दर उन्हाळ्यात पुण्या-पिंपरीच्या नद्या मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी हिरव्या पडतात. यंत्रं उतरतात, जलपर्णी काठावर ओढली जाते, बिलं निघतात, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. येणारच, तिचं खाणं आपण एक दिवसही बंद केलेलं नाही. नत्र आणि स्फुरद हे ते खाणं. आपल्या मैल्यातून आणि शेतातल्या युरियातून नत्र नदीत उतरतं. नेहमीचा मैलापाणी प्रकल्प घाण आणि वास कमी करतो, पण नत्राचा बराच भाग अमोनिया किंवा नायट्रेट होऊन तसाच पुढे जातो. त्याचा वायू करून हवेत परत पाठवायचा तर प्राणवायू नसलेला वेगळा टप्पा लागतो, म्हणजे जादा खर्च.

हे पाणी भीमेतून उजनी धरणात साठतं. उन्हाळ्यात काठावर जाऊन बघा. हिरवा रंग ओतल्यासारखा शेवाळाचा तवंग, ओंजळ भरली तर बोटांना चिकटणारा. रात्री हेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत राहतात. सोलापूर हे पाणी पितं. वारकरी पंढरपुरात याच भीमेत उतरतो.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. मैलापाणी प्रकल्पांच्या मानकांच्या २०१५ च्या केंद्राच्या मसुद्यात, प्रक्रिया केलेल्या पाण्यात एकूण नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं होतं. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून ती अट गळली. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती पुन्हा पुढे आणली. त्याच वर्षी नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नत्राच्या व्यवस्थापनाचा ठराव मांडणारा देश भारतच होता. बाहेर ठराव मांडायचा आणि घरची अट सोडून द्यायची, हे आम्हाला मान्य नाही.

युरियाबद्दल शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपयांना आणि बाकीची खतं कितीतरी महाग, तर तो युरियाच ओतणार. ती किंमत सरकारने ठरवली आहे.

या अंकाचा विषय ‘शेजार’. कथा-कवितांतला शेजार भिंतीपलीकडचा आहे. पुण्याचा शेजार उजनीपर्यंत जातो, असं आम्ही धरतो. महापालिकांच्या निवडणुका २०२६ मध्ये झाल्या. पुण्या-पिंपरीच्या आमच्या वाचकांनी निवडून आलेल्यांना विचारावं: आपल्या प्रकल्पातून नदीत नत्र किती सोडलं जातं, आणि तो आकडा दर महिन्याला कुठे वाचायला मिळेल?