प्रोफेसर मोरे यांचें अर्धें राहिलेलें काम

चिंचवडास ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांनीं तेथील नाट्यगृहावर प्रा. रामकृष्ण मोरे हें नांव वाचलेंच असेल. आकुर्डीच्या एका कॉलेजासही तेंच नांव आहे. परंतु हा गृहस्थ कोण व त्यानें आमच्या पोरांसाठीं काय केलें, असें भोसरींतल्या तरुण फिटरास किंवा चाकणच्या बाजारांत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्यास विचारा, बहुतेक जण नुसती मान हालवितील. नाट्यगृहाच्या तिकिटाचा दर ठाऊक, माणूस ठाऊक नाहीं! म्हणून आज ही हकीकत सांगणें आम्हांस जरूर वाटतें.

मोरे १९८० व १९८४ सालीं खेड मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. तो मतदारसंघ आतां उरला नाहीं. २००८ च्या फेररचनेंत तो मोडून शिरूर व मावळ असे दोन झाले. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग स्कूटरी व मोटारी करणारे आले, १९७० त आसपासचीं गांवें एकत्र करून नगरपालिका झाली आणि १९८२ त तिची महानगरपालिका. पुढें तीच लाट चाकणपर्यंत गेली. जमीन गेली ती कुणब्याची. कचेरींतली खुर्ची मात्र ज्यास इंग्रजी येत होतें त्यास मिळाली. कुणब्याच्या पोराच्या वाट्यास फाटकावरचा दंडुका, नाहीं तर यंत्रापुढची उभी पाळी. अर्ज इंग्रजींत, नेमणुकीचा कागद इंग्रजींत. ज्या कागदावर आपण अंगठ्याऐवजीं सही करूं लागलों तो कागद आपणांस वाचतां येत नाहीं, मग अंगठा काय वाईट होता?

ही गोष्ट मोरे यांनीं आपल्याच मुलखांत पाहिली असली पाहिजे. १९९९ सालीं विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळांत ते शिक्षणमंत्री झाले आणि २००० सालापासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. तोंवर तो पांचवींत येई. म्हणजे शहरांतल्या पैसेवाल्याचें पोर तिसऱ्या वर्षीं जें ऐकूं लागे, तें आमच्या सुताराच्या पोरास दहाव्या वर्षीं प्रथम दिसे, आणि पुढें नोकरीच्या दारांत दोघांस एकाच तराजूंत घालीत!

त्या वेळीं मोठी ओरड झाली. मराठी बुडाली, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांतल्या कांहींचें म्हणणें प्रामाणिक होतें. मूल आईच्या भाषेंत चांगलें शिकतें हें आम्हीही मानतों. परंतु मोऱ्यांनीं माध्यम बदललें नव्हतें, गणित व भूगोल मराठींतच राहिला होता, एका विषयाची भर पडली होती. हा फरक समजून न घेतां जे रडले, त्यांपैकीं किती जणांचीं नातवंडें मराठी शाळेंत होतीं, हें विचारण्याची सोय नाहीं!

आणि ही मागणी मोऱ्यांच्या डोक्यांत एकाएकीं उगवलेली नव्हती. सावित्रीबाईंनीं १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांस इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला आहे. जोतीरावांनीं १८८२ त हंटरसाहेबांच्या कमिशनपुढें तक्रार मांडली कीं, सारा रयत भरते व विद्येचा लाभ वरचे लोक घेतात. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा, आणि शिक्षक होतां होईल तो शेतकरी वर्गांतले नेमा.

हा शेवटचा मुद्दा मोऱ्यांच्या योजनेंत दुबळा राहिला, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुस्तक पहिलींत आलें, पण शिकविणारा मास्तर स्वतः पांचवींत इंग्रजीस लागलेला. त्यास चार दिवसांच्या वर्गांत कितीसें देतां येणार? पोरें गाणीं पाठ म्हणूं लागलीं, वाक्य बोलूं लागलीं नाहींत. २००३ सालीं मोरे वारले आणि मागून आलेल्यांनीं शिक्षक घडविण्याचें काम तेवढ्या नेटानें केलें नाहीं. परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. शेळी विकून, हातऊसनें घेऊन आमचा बाप पोरास खाजगी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडींत बसवितो आणि गांवच्या शाळेंत बांकें रिकामीं पडतात. त्या खाजगी शाळेंतली बाई तरी नीट इंग्रजी बोलते कीं नाहीं, हें तो पाहत नाहीं. त्यास गळपट्टा व बूट दिसतात.

२०२५ च्या एप्रिलांत सरकारनें पहिलीपासून हिंदी सक्तीची ठरविली आणि ओरड झाल्यावर २९ जूनला तें परत घेतलें. त्या गडबडींत पहिलीच्या इंग्रजीचें पंचवीस वर्षांत काय झालें, हें विचारावयास फार थोड्यांस सुचलें.

वाचकहो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा आईबापांच्या आहेत, आणि समितींत निम्म्या बायका असाव्या लागतात. पुढच्या बैठकीस घरधनीण व धनी दोघेंही जा. पहिलीस इंग्रजी कोण शिकवितें, त्या मास्तरास शेवटचें प्रशिक्षण कोणत्या सालीं मिळालें, हें विचारा, आणि उत्तर समितीच्या वहींत लिहून घ्या.