दोन बटणांचे टेनिस

मुलांनो, व्हिडिओ गेम म्हणजे नुसती बटणांची बडवाबडवी, असे मोठी माणसे म्हणतात. तुम्हांला हे पटते का? मला पूर्णपणे पटत नाही.

‘मारिओ टेनिस’चेच पाहा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००० साली ‘गेम बॉय कलर’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हा खेळ काढला. फटक्यांसाठी बटणे दोनच : ए आणि बी. ए दाबले की चेंडू पुढे फिरत जातो आणि टप्पा पडताच उसळतो. बी दाबले की उलटी फिरकी. चेंडू खालीच राहतो. आधी ए आणि लगेच बी दाबले, तर उंच फटका. समोरचा जाळीजवळ आला असेल, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. आधी बी, मग ए दाबले, तर चेंडू जाळीपलीकडे हळूच पडतो. पण समोरचा तिथेच उभा असेल तर? गुण त्याचाच! म्हणजे अंगठ्याआधी नजर चालवावी लागते. हे बडवाबडवीने कसे जमेल?

यातील गोष्टही मला आवडते. खेळाडू टेनिसच्या शाळेत नवा विद्यार्थी म्हणून येतो. मिशीवाल्या मारिओशी सामना अगदी शेवटी. तोवर सराव करा, एकेक वर्ग वर चढा!

एक मात्र खरे. या खेळात मनगट काही शिकत नाही आणि धावून दमही लागत नाही. पडद्यावर जिंकलेल्या मुलाने खरी रॅकेट हातात धरली, तर पहिला चेंडू बहुधा जाळीतच जाईल. पण समोरचा कुठे उभा आहे, हे तो आधी पाहील.