गळ्यात नंबर आहे ना?

मंडळी, दिवाळीच्या शॉपिंगची यादी झाली? त्यात एक छोटा आयटम वाढवा : कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला. हसू नका! दर लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्हॉट्सॲपवर ‘कुणाला दिसला का?’ म्हणून एक तरी फोटो फिरतोच. एरवी गेटबाहेर दोन पावलं एकटा न जाणारा गुणी बाळ पहिल्याच सुतळी बॉम्बला जो सुटतो, तो दोन चौक ओलांडूनच थांबतो. आणि तिथून घर कुठल्या दिशेला, हे त्यालाही ठाऊक नसतं.

आमच्याकडे भडंग आहे. (नाव सांगलीच्या रूममेटनं ठेवलंय, तक्रारी तिच्याकडे.) वय तीन, वजन 18 किलो, रंग कटिंग चहाचा, जात अस्सल गावठी. म्हणजे सॉरी, हल्ली ‘इंडी’ म्हणतात. आता गंमत बघा. लॅब्राडॉर किंवा गोल्डन रस्त्यावर एकटा दिसला, की चार जण थांबतात, ‘कुणाचा तरी हरवलाय’ म्हणतात. भडंग एकटा दिसला, तर कुणी मानसुद्धा वळवणार नाही. पुण्यात प्रत्येक टपरीखाली असा एक झोपलेला असतोच की! तो कुणाचा तरी आहे, हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे त्याच्या गळ्यातलं ते रुपयाएवढं पत्र्याचं वर्तुळ.

त्यात 2025 साली सुप्रीम कोर्टाचे आदेश आले. ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांमधून त्यांना हलवण्याबद्दल. कोर्टाचं बरोबर की चूक, यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये भांडणं झाली, होऊ देत. पण कुत्रे पकडायला आलेल्या माणसाला भडंग घरचा आहे हे कळायचं कसं? कानाची खाच बघून? ती तर नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही असते.

तर बिल्ला. ऑनलाइन गेलात तर हाडाच्या आकाराचे, गुलाबी, चमकीचे असले ढीगभर दिसतील. फोटोत एकदम सही! पण रंगीत ॲल्युमिनियमवर अक्षरं बऱ्याचदा वरच्या थरापुरतीच असतात. कुत्रा दिवसभर फरशीला गळा घासतो, सहा-आठ महिन्यांत नंबरातला 8 आहे की 3, हे शोधत बसा. प्लॅस्टिकचा चघळला जातो. पितळ काळवंडतं, पण खोल कोरलं तर बोटानं चाचपूनही वाचता येतं. माझं मत स्टेनलेस स्टीलला. ट्रॉफ्या आणि नेमप्लेट करणाऱ्या दुकानात जा, ‘प्रिंट नको, कोरून द्या’ म्हणून ठणकावून सांगा. अडकवायला ‘एस’सारखा हूक नको, तो ओढाताणीत उघडतो. किल्ल्यांना असते तशी दुहेरी कडी घ्या. आणि रात्रभर टिंग टिंग नको असेल, तर पट्ट्यालाच सपाट रिव्हेट मारून बसवलेली पट्टी बेस्ट. खालच्या मजल्याशी संबंधही चांगले राहतात.

‘पण आमच्याला मायक्रोचिप आहे!’ म्हणणारे हात वर करतील. उत्तमच, भडंगलाही आहे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसवतात, पडत नाही की झिजत नाही. फक्त तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. आहे तो 15 आकडी नंबर, तोही स्कॅनर फिरवला तरच दिसणारा आणि तुमच्या नावावर कुठे तरी नोंदलेला असेल तरच कामाचा. भाजीवाल्याकडे स्कॅनर कुठून येणार? तीच गोष्ट ब्लूटूथ टॅगची. आसपास त्या कंपनीचे फोन असतील तर तो बोलणार, टेकडीवर गप्प. क्यूआर कोडही मस्त. 2023 मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्यांच्या गळ्यात ते बांधले होते. पण अंधारात, घाबरून थरथरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याशी मोबाइल धरून फोकस करून दाखवा बरं! हे सगळं जरूर घ्या, पण बिल्ल्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नको.

राहता राहिलं, बिल्ल्यावर लिहायचं काय. जागा केवढीशी, त्यामुळे ‘मम्माज प्रिन्स’ला रजा द्या. एका बाजूला नाव, तेही देवनागरीत. कारण कुत्रा सापडतो तो वॉचमनला, रिक्षावाल्याला, पहाटे दूध टाकणाऱ्याला. नावानं हाक मारली तर तो जवळ तरी येतो. दुसऱ्या बाजूला नंबर. एक नाही, दोन! आपले फोन कुठे असतात? मीटिंगमध्ये, सायलेंटवर. शिवाय अनोळखी नंबर म्हणजे लोनवालाच, असं समजून आपण कट करतो. ऑफिसनं दिलेल्या सिमचा नंबर तर अजिबात नको. नोकरी सुटली की तोही सुटतो.

दुसरा नंबर अशा माणसाचा हवा, जो फोन उचलतोच. मैत्रिणी, बहीण, रूममेट सगळ्यांची नावं मी मनात घोळवली, एकही पास होईना. शेवटी समोरच्या काकूंकडे गेले. भडंगला त्या घरात घेत नाहीत, पण गॅलरीतून त्याला चपातीचा तुकडा टाकतात. त्यांचा लँडलाइन आजही चालू आहे आणि दुसऱ्या रिंगला उचलला जातो. बिल्ल्यावर तुमचा नंबर घालू का, विचारलं. काकूंनी चष्मा लावून बिल्ला उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘घाल की. फक्त त्याला सांगून ठेव, हरवायचं ते दुपारी एक ते चार सोडून!’’